डोक्यावरून जाणारे अंतर

आमच्या कन्येला भूगोलाच्या बाईंनी गृहपाठ दिला होता : ‘नकाशावर दोरा धरून दिल्ली आणि हैदराबाद या शहरांमधील हवाई अंतर काढा.’ शाळेने मुलीला दिलेला गृहपाठ बापाने करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माझ्या लहानपणी मात्र माझा गृहपाठ मी स्वतःच करीत असे. त्याचे परिणाम माझ्या कॉमर्सच्या पदवीवर स्पष्ट दिसतात.

तर सौभाग्यवतीच्या डब्यातला काळा दोरा घेतला. दिल्लीवर मुलीने बोट ठेवले, हैदराबादेवर मी. नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे शंभर किलोमीटर होते. दोरा ताणला, फूटपट्टीला लावला, साडेबारा सेंटीमीटरांहून किंचित जास्त भरला. म्हणजे सुमारे १२६० किलोमीटर. विमानाला दोन-सव्वादोन तास. गृहपाठ संपला. इथे एखाद्या शहाण्या बापाने दोरा गुंडाळून ठेवला असता. पण माझी नजर दोऱ्याखाली गेली आणि मी ओरडलो, “अगं, हा तर आपल्या गावावरून गेला!”

“नकाशात आपलं गाव नाहीच, बाबा.”

पोरीचे म्हणणे खरे होते. नकाशात किनवट नव्हते. पण नकाशात नसणे आणि जगात नसणे यांत थोडा फरक आहे, असे आम्ही किनवटकर मानतो. किनवट आहे उत्तर अक्षांश १९.६ आणि पूर्व रेखांश ७८.२. तिथे मी पेन्सिलीने टिंब दिले आणि दोरा पुन्हा ताणला. टिंब दोऱ्याखाली झाकले गेले. फार तर दहा किलोमीटरचा फरक असेल. एवढी तर आमच्याकडे लग्नाची वरातसुद्धा भरकटते.

ज्यांना किनवट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येला, पैनगंगेच्या काठी, सागवानाच्या जंगलात आमचे गाव आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या अंगाला तेलंगणातले आदिलाबाद. नांदेडच्या कचेऱ्यांतून कुणाची किनवटला बदली झाली की सहकारी त्याला भेटायला जातात आणि हळू आवाजात बोलतात. अशा गावावरून देशाच्या राजधानीचा आणि निजामाच्या राजधानीचा सरळ रस्ता जातो, हा शोध मला त्या रात्री झोप येऊ देईना. किनवट हे दिल्ली आणि हैदराबाद यांच्या मधले स्टेशनच आहे. गाडी थांबत नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी बँकेत मी हा शोध जाहीर केला. कॅशियरने नोटा मोजता मोजता मान हलवली, म्हणजे त्याने ऐकले नव्हते. आमच्या शाखेतला शिपाई मात्र विचारी माणूस आहे. तो म्हणाला, “साहेब, वरून जाते म्हणून काय झालं? वरून तर देव बी पाहून राहिला. आपलं काम व्हते का?”

हवाई अंतर आणि आपले काम यांचा संबंध किती, हे मला तसे पूर्वीच कळायला हवे होते. एकदा मला ट्रेनिंगसाठी हैदराबादला धाडले होते. परत आल्यावर मी प्रवासभत्त्याचे बिल भरले : रेल्वेने, मुदखेडमार्गे, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. बिल परत आले. त्यावर लाल शाईत शेरा : ‘जवळच्या मार्गाने अंतर अडीचशे कि.मी. दिसते. खुलासा करावा.’ कुणीतरी वरच्या कचेरीत नकाशावर फूटपट्टी ठेवली होती. मी खुलासा केला की, जवळचा मार्ग आहे हे मान्य. पण तो जमिनीपासून सुमारे दहा हजार मीटर उंचीवर असून तिथवर शिडी नाही. बिल पास झाले. मात्र त्यानंतर मला कुठल्याही ट्रेनिंगला धाडण्यात आले नाही.

फूटपट्टीवाल्याची आकडेमोड चुकली नव्हती. किनवट ते हैदराबाद सरळ रेषेत अडीचशेच किलोमीटर आहे. वरून जाणारे विमान तेवढ्याला अर्धा तास घेते, तेही उतरायचे असते म्हणून. पण आम्हांला आधी हैदराबादकडे पाठ करून नैऋत्येला मुदखेड गाठावे लागते, तिथून निजामाबादच्या बाजूला वळायचे आणि मग सिकंदराबाद. याला आपल्या भाषेत द्राविडी प्राणायाम म्हणतात. आमच्या बाबतीत तर तो शब्दही भूगोलाला धरून आहे.

ही तिरपी वाट आमच्या घरात पाठ होती, कारण आजोबा ती वर्षातून एकदा तरी तुडवीत. निजामाच्या राज्यात किनवट हा आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका होता. आजोबा तहसील कचेरीत कारकून होते, उर्दूत अर्ज लिहीत आणि मराठीत चिडत. पगार हाली सिक्क्यात. पैनगंगा ओलांडली की पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार यायचे. नदी पोहून जाणाऱ्या म्हशीला मोजून पाच मिनिटे लागत, पण तिच्या मालकाला परमुलुखात गेल्याचा हिशेब ठेवावा लागे. अंतर हे मैलांवर नसते, मधे कोण बसला आहे यावर असते, हा आजोबांचा सिद्धांत या नदीवर तयार झाला होता.

आजोबांची धाकटी बहीण हैदराबादला काचीगुड्यात दिलेली. आम्हा नातवंडांची ती आत्याआजी. लग्न झाले १९४६ साली. नागपंचमीला लेकीला माहेरी आणायचे तर मुराळी पाठवावा लागतो, आणि आमच्या घरचा कायमचा मुराळी म्हणजे आजोबा. दशम्यांची शिदोरी बांधून निघायचे, मुदखेडला गाडी बदलायची, फलाटावर डुलकी काढायची आणि दुसऱ्या दिवशी काचीगुड्याला बहिणीच्या दारात उभे राहायचे. परतताना तोच प्रवास, फक्त दशम्यांच्या जागी आत्याआजी आणि तिची ट्रंक.

आता गंमत पाहा. त्याच सुमारास हैदराबादला विमाने सुरू झाली होती. निजामाच्या रेल्वे खात्याला वाहनांची भारी हौस. १९३२ पासून या खात्याच्या स्वतःच्या मोटारबसेस होत्या, आणि १९४५ साली या खात्याने टाटांच्या बरोबर ‘डेक्कन एअरवेज’ नावाची विमानकंपनी काढली. म्हणजे ज्या खात्याची आगगाडी आजोबांना मुदखेडच्या फलाटावर झोपवीत होती, त्याच खात्याची डाकोटा विमाने बेगमपेठेवरून उडत होती. उत्तरेकडे नागपूरच्या दिशेने सरळ रेघ ओढली तर ती आमच्या पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरवरून जाते. तेव्हाही आम्हांला टाळूनच.

आणखी एक गोष्ट. प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात असा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. इतर विमानकंपन्यांनी नकार दिल्यावर त्यांना काम दिले ते याच डेक्कन एअरवेजने. एकाच शहरात एक बाई विमान चालवत होती, आणि आमची आत्याआजी माहेरी जायला सोबत नाही म्हणून खिडकीत बसून होती.

१९४८ च्या पंचमीला तर मुराळीच गेला नाही. रझाकारांचे दिवस. रेल्वेने जाणे म्हणजे जीव मुठीत घेऊन जाणे, आणि आजोबांची मूठ लहान. त्याच महिन्यांत सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या रात्री उडत निजामासाठी बंदुका आणि दारूगोळा आणत होता, बीदरला आणि वरंगळला. अंतर तेराशे ते पंधराशे किलोमीटर. बंदुकीला पंधराशे किलोमीटर एका रात्रीत पार करता येत होते, बहिणीला अडीचशे येत नव्हते. पुढे १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि त्या वर्षी आत्याआजी पंचमीऐवजी दिवाळीला आली. तिच्या मते ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दिवाळी.

विमान इतके वेगवान, मग वेळ जातो कुठे? याचे उत्तर आपल्या देशातल्या अगदी पहिल्या टाटा विमानातच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा पस मॉथ जातीचे चिमुकले विमान घेऊन कराचीहून निघाले. टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबाद, तिथून मुंबईला जुहू. अहमदाबादला विमानात पेट्रोल भरायचे होते. ते पेट्रोल डब्यांतून आले, आणि डबे आले बैलगाडीतून. मला भारतीय हवाई इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना वाटते. विमान किती वेगाने उडते हे विमान ठरवते. आपण किती वाजता पोचतो हे बैलगाडी ठरवते. मी याला ‘बैलगाडीचा नियम’ म्हणतो. बँकेतही हा नियम लागू आहे. कॉम्प्युटर क्षणात हिशेब करतो आणि मग सही करणारे साहेब जेवायला गेलेले असतात.

या नियमाचा दुसरा दाखला आमच्या जवळचाच. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, या चारी दिशांहून संध्याकाळी एकेक विमान निघायचे, मध्यरात्रीच्या सुमारास चारी नागपूरला जमायची, थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परतायची. सातशे ते हजार किलोमीटरचे चार दोरे आणि नागपूरला गाठ! १ एप्रिल १९४९ पासून तर देशातली साधी पत्रेसुद्धा जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली. आजोबा हे वर्तमानपत्रात वाचून हरखले होते. नागपूर आमच्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. पण थैली नागपूरला उतरली की पुढे रेल्वे, मग टपालकचेरी, मग पोस्टमन आणि त्याची सायकल. पोस्टमन आमच्या आळीत यायचा तो दुपारी, आणि वाटेत सगळ्यांकडे पाणी पिऊन.

१९५३ साली देशातल्या विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात डेक्कन एअरवेजही ‘इंडियन एअरलाइन्स’मध्ये मिसळली. त्याचे आम्हांला काही वाटले नाही. आम्हांला धक्का बसला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य मोडले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके, शिवाय बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग, मुंबई राज्यात आला. मराठी माणूस मराठी मुलुखात आला, याचा आजोबांना आनंदच झाला. पेढे वाटले. पण रात्री झोपताना ते आजीला म्हणाले, “अगं, आपली राजधानी लांब गेली.”

हिशेब करून पाहा. ३१ ऑक्टोबरच्या रात्री किनवटची राजधानी सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर होती. १ नोव्हेंबरच्या सकाळी ती साडेपाचशे किलोमीटरांच्या पलीकडे, मुंबईला. गाव इंचभर हलले नव्हते. पैनगंगा तिथेच, तहसील तिथेच, आजोबांचे टेबलसुद्धा तिथेच. एका रात्रीत अंतर दुपटीहून जास्त झाले, आणि त्याला ना पेट्रोल लागले ना बैलगाडी. नुसती लेखणी पुरली. शिवाय आत्याआजी परराज्यात गेली. मुराळीचा रस्ता तोच राहिला, पण मध्ये एक रेघ आली.

पुढे जेट विमानांचे दिवस आले. दिल्ली-हैदराबाद विमाने नागपूरला न थांबता सरळ जाऊ लागली. मला आठवते ते हे : संध्याकाळी आजोबा अंगणात बाजेवर पडलेले, वर आभाळात पांढरी रेघ दक्षिणेकडे सरकते आहे. आजोबा म्हणायचे, “बबीकडं चाललं.” दोरा-फूटपट्टी काही नव्हते त्यांच्याजवळ. दिशा तेवढी बरोबर होती. आणि काचीगुड्यात आत्याआजी गच्चीवर उभी राहून विमान दिसले की सुनांना सांगायची, “आमच्या किनवटाहून आलं बरं का हे.” सुना हसायच्या. आता दोरा लावून पाहिल्यावर कळते की म्हातारी बरोबर होती.

आजोबा गेले. मुराळीची जागा वडिलांकडे आली, मग माझ्याकडे. मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, किनवटहून रात्री गाडीत बसले की मुदखेडला न उतरता सकाळी सिकंदराबाद, इथवर सोय झाली. सोय वाढली तसे आमचे जाणे कमी झाले. याची कारणे माझ्याजवळ तयार असत : मार्च एंड, जून क्लोजिंग, ऑडिट, मुलीची परीक्षा, आणि मुख्य म्हणजे “साडेतीनशे किलोमीटर आहे हो!”

मग विमान आमच्यापर्यंत आले. म्हणजे नांदेडपर्यंत. २००८ साली गुरु-ता-गद्दीला तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने तिथला विमानतळ नवा झाला होता. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुटले. पंतप्रधानांनी झेंडा दाखवला तो सिमल्याहून, म्हणजे तेराशे किलोमीटरवरून. झेंड्याला तेवढे अंतर तोडायला एक क्षणही लागला नाही. बैलगाडी मध्ये नसली की असे होते.

२०१८ च्या श्रावणात काचीगुड्याहून फोन आला. “आजी आठवण काढतात. येऊन जा. आता काय, विमान आहे तुम्हांला.” मी विमानाने निघालो. हिशेब ऐका. किनवट ते नांदेड रस्त्याने चार तास. विमानतळावर दीड तास आधी. विमानात पाऊण तास. सामान आणि बाहेर पडणे अर्धा तास. शमशाबादच्या विमानतळावरून काचीगुडा एक तास. एकूण पावणेआठ तास. रात्रीच्या गाडीलाही जवळपास तेवढेच लागतात, आणि गाडीत झोपायला मिळते. शिवाय सरळ अडीचशे किलोमीटर गाठण्यासाठी मी आधी नैऋत्येला शंभर किलोमीटर गेलो आणि मग तिथून पुन्हा जवळजवळ अडीचशे किलोमीटर उडालो. आजोबांचाच द्राविडी प्राणायाम, फक्त अर्धा हवेत.

आत्याआजी पलंगावर बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पण नजर शाबूत. तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली आणि विचारले, “किती वेळ लागला रे?”

“पाऊण तास,” मी ऐटीत म्हणालो. उरलेले सात तास मी, बँका जाहिरातीत अटी लिहितात त्या बारीक अक्षरांत, मनातल्या मनात म्हटले.

म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पाऊणच तास? मग इतकी वर्षं काहून आला नाहीस?”

साडेतीनशे किलोमीटरांसाठी माझ्याजवळ डझनभर उत्तरे होती. पाऊण तासासाठी एकही नव्हते. वाट लांब असते तोवर तीच आपली बाजू मांडते. ती आखूड झाली की आपल्यालाच बोलावे लागते. मराठीत ‘अंतर देणे’ असा एक वाक्प्रचार आहे. दोन गावांमधल्या लांबीला आणि आपल्या माणसाला टाकून देण्याला एकच शब्द वापरणारे आपले पूर्वज फूटपट्टी घेऊन बसले नव्हते, पण मोजमाप त्यांना कळत होते.

पुढची पंचमी मी चुकवली नाही. रेल्वेने गेलो, दशम्या घेऊन. तिला चावत नव्हत्या, तरी तिने एक दुधात भिजवून खाल्ली.

आत्याआजी गेली २०२० च्या एप्रिलमध्ये. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमाने बंद होती, ती दोन महिने बंदच राहिली. प्रवासी गाड्या बंद. १९५६ साली कागदावर ओढलेल्या रेघेवर आता पोलीस उभे होते. निरोप मात्र फोनवर एका क्षणात आला. त्या संध्याकाळी मी अंगणात जाऊन वर पाहिले. आभाळ इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते, कारण त्यात एकही पांढरी रेघ नव्हती. अडीचशे किलोमीटर त्या दिवसाइतके लांब आजोबांच्या वेळीसुद्धा नसेल.

असो. गृहपाठाचे सांगायचे राहिले. कन्येने वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘दिल्ली ते हैदराबाद हवाई अंतर सुमारे १२६० कि.मी.’ आणि मला न विचारता खाली आणखी एक ओळ घातली : ‘मध्ये किनवट लागते.’

बाईंनी पाचपैकी पाच गुण दिले. दुसऱ्या ओळीखाली मात्र लाल शाईने रेघ मारून लिहिले होते : ‘हे विचारले नव्हते.’